दर आठवड्याला एक पेनी

पावित्र्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे आधी सोवळे उभे राहते. उंच वलणीवर काठीने वाळत घातलेले लुगडे, 'शिवू नकोस रे!' म्हणून ओरडणारी आजी आणि उंबऱ्याबाहेर ताटकळलेली नातवंडे! शुद्ध राहायचे तर चार हात दूर राहायचे, असा त्यामागचा सरळ हिशेब. ख्रिस्ती धर्मालाही हा हिशेब अपरिचित नाही. जगाला रामराम ठोकून वाळवंटात जाऊन बसलेल्या तपस्व्यांची परंपरा तिथेही मोठी आहे.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या धर्मोपदेशकाला मात्र हे एकांतातले पावित्र्य पटेना. माणूस पवित्र व्हायचा तो माणसांच्या संगतीतच, अशा आशयाचे त्याने १७३९ साली एका स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिले. ऑक्सफर्डमध्ये असताना त्याच्या मित्रमंडळींच्या काटेकोर दिनक्रमाची थट्टा म्हणून लोकांनी त्यांना 'मेथडिस्ट' म्हणायला सुरुवात केली. थट्टेतले ते नावच पुढे पंथाला चिकटले.

पण वाचकहो, विचार मांडणे सोपे. तो रोजच्या संसारात जगायचा कसा? गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर कुणा पंडिताच्या ग्रंथातून आले नाही. ते आले कर्जाच्या चिंतेतून.

ब्रिस्टल शहरात वेस्लीच्या अनुयायांनी १७३९ मध्ये 'न्यू रूम' नावाचे सभागृह बांधायला घेतले. त्याचे कर्ज काही फिटेना. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभासद विचार करायला जमले, तेव्हा सूचना आली : कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पेनी म्हणजे शिलिंगाचा बारावा हिस्सा. पण कुणीतरी लगेच म्हणाले, की पुष्कळांना तेवढेही झेपणार नाही. त्यावर कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने तोड काढली. सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा. ज्याला जमेल तो देईल, ज्याला जमणार नाही त्याचे मी भरीन!

झाले! बारा-बारा जणांचे वर्ग पडले, प्रत्येकाला एक नायक मिळाला. नायक दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. आता पेनी मागायला गेलेल्या माणसाला घरातले सारेच दिसते. कुणाची चूल पेटलेली नाही, कुणाचा धनी दारूच्या गुत्त्यात, कुणाचे मूल तापाने फणफणलेले! नायक हे वेस्लीला सांगू लागले, आणि वसुलीच्या फेरीतून एकमेकांच्या आयुष्याची काळजी घेण्याची रीत निघाली. पुढे घरोघर जाण्याऐवजी वर्गच आठवड्याला एकत्र बसू लागला. कित्येक वर्गांच्या नायक स्त्रिया होत्या, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.

या रीतीला दुसरी बाजूही होती. काळजी आणि पाळत यांच्यामधली भिंत फार पातळ असते. १७४३ साली न्यूकॅसलच्या मंडळीतून वेस्लीने ६४ जणांना काढल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. त्यांत १७ जण दारूपायी गेले, तर तब्बल २९ जण नुसत्या उथळपणा आणि बेपर्वाईपायी! बायकोला मारल्याबद्दल गेलेला मात्र अवघा एक. तसा नवरा खरोखर एकच होता, की मार खाणाऱ्या बाकीच्या बायका गप्प बसल्या? रोजनिशी यावर काही बोलत नाही.

तरीही या पद्धतीचे देणे लहान नव्हते. १७४६ साली लंडनमध्ये वेस्लीने गरजूंसाठी एक लहानसा कर्जाऊ निधी उभारला. त्यातून घेतलेली रक्कम तीन महिन्यांत परत करायची असे. पुढे १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना केल्यापायी, बेकायदा शपथेचा आरोप ठेवून, ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांतले बहुतेक मेथडिस्ट होते, आणि त्यांच्या संघटनेची वर्गणी होती आठवड्याला एक पेनी! एकत्र बसायची, हिशेब ठेवायची आणि एकमेकांसाठी उभे राहायची सवय त्यांना प्रार्थनेच्या बैठकीतच लागलेली असणार. आपल्या मुंबईतही १८७१ साली विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट उपदेशकाने घरगुती बैठकींमधूनच मंडळी उभी केली.

इंग्लंडातले ते वर्ग एकोणिसाव्या शतकात हळूहळू ओसरले. लोकांना आपले आतले चार जणांत उघडे करणे नकोसे झाले, आणि त्यात नवल नाही. आज आपणही फ्लॅटचे दार लावून घेतो आणि आपल्यापुरते चांगले वागतो. शेजारच्या घरात काय शिजते, किंवा शिजतच नाही, याची चौकशी करणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. कधी कधी ते असतेही. पण फॉयने आपल्या वाट्याला अकरा सज्जन मागितले नव्हते. अकरा गरीब मागितले होते. आपण चांगले आहोत की नाही हे स्वतःला विचारण्यापूर्वी, आपल्या वहीत आणखी कुणाची पेनी भरलेली आहे, एवढे तरी एकदा पाहायला हरकत नाही.