हवाई अंतर आणि प्रवासकाल : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना :
दोन विमानतळांमधील अंतर जितके अधिक तितका प्रवासाचा वेळ अधिक, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अंशतःच खरा आहे. प्रस्तुत लेखात दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांच्या आधारे अंतर व वेळ यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

अंतर :
पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलामुळे तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ तयार होते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन स्थळांमधील लघुतम अंतर याच वर्तुळाच्या कंसावर मोजले जाते. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हा कंस सुमारे १११ अंशांचा, म्हणजेच सुमारे १२,४०० कि.मी. लांबीचा आहे. तो सायबेरिया, आर्क्टिक महासागराची कड व अलास्का यांवरून जातो. प्रत्यक्षात मात्र विमानास ही रेषा तंतोतंत पाळता येत नाही. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत उतरावे लागते; तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच त्याहून अधिक आहे. शिवाय प्रत्येक देशाच्या हवाई हद्दीतून जाण्यास परवानगी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हद्द बंद केली. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला. विमानतळांमधील लघुतम अंतर तेच राहिले, प्रवासाचा वेळ मात्र वाढला.

वेळ :
विमानाचा जमिनीच्या संदर्भातील वेग म्हणजे त्याचा हवेतील वेग अधिक पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग होय. मध्य अक्षवृत्तांत अतिउंचीवर जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.वरून १५,३०० कि.मी. झाला, तरीही प्रवास साधारण साडेचौदा तासांत पूर्ण होऊन जवळपास दोन तास वाचले. येथे सरासरी वेग ताशी १,०५५ कि.मी. येतो. इंधनाचा खर्च मुख्यतः हवेत घालविलेल्या वेळेवर अवलंबून असल्याने लांबचा मार्गच काटकसरीचा ठरला. परतीच्या दिशेने तेच वारे समोरून येत असल्याने हा लाभ मिळत नाही.

घड्याळातील वेळ हा आणखी वेगळा विषय होय. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेबारा तास मागे असते. पहाटे ४ वाजता निघून साडेचौदा तास उडणारे विमान तेथे त्याच तारखेस सकाळी ६ वाजता पोहोचते. घड्याळांतील फरक केवळ दोन तासांचा दिसतो.

निष्कर्ष :
लघुतम अंतर हे भूमितीचे, प्रत्यक्ष मार्ग हा भूरचना व राजकारणाचा, तर प्रवासकाल हा वातावरणाचाही परिणाम होय. अध्यापनात नकाशावर सरळ रेघ ओढून वेळ काढण्याची सवय विद्यार्थ्यांना लावण्याऐवजी पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजणे आणि त्यानंतर वाऱ्याची दिशा विचारात घेणे, हा क्रम अधिक शास्त्रीय ठरेल.