क्वाबिनवरचा पहिला शनिवार

पहाटे साडेतीन

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्वाबिन जलाशयावर मासेमारीचा हंगाम साधारणपणे एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. अर्थात बर्फाने वाट दिली तर. वूस्टरमध्ये या वेळी पारा शून्याच्या आसपास असतो आणि गाडीच्या काचेवरचं दहिवर खरवडून काढावं लागतं. होडी नोव्हेंबरपासून ट्रेलरवरच आहे. तिला आणि ट्रेलरला मिळून क्रमांक असलेलं एक सील लावलेलं आहे. ते अजून शाबूत आहे की नाही, हे मी विजेरी लावून आधी पाहतो. ते तुटलेलं असेल तर पुढचं काहीच नाही.

सामान आदल्या रात्री भरलेलं असतं. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून ताजं घातलं आहे, बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. लोकरीच्या टोप्या, हातमोज्यांचे दोन जोड, कोरड्या कपड्यांची वेगळी पिशवी, थर्मासमध्ये चहा, डब्यात भाकरी आणि ठेचा. माझ्याबरोबर शेजारचे काका असतात. ते मूळचे पाटण तालुक्यातले, आता मुलाकडे राहायला आलेले. लहानपणी कोयनेच्या काठावर गळ टाकलेला माणूस, त्यामुळे पाण्यावर जायचं म्हटलं की माझ्या आधी तयार.

"बूच घेतलंस का रे?"

"खिशात आहे, काका."

"खिशात नको. किल्लीला बांध."

होडीच्या बुडाला पाणी काढून टाकायला एक भोक असतं, त्याचं हे बूच. दरवर्षी पहिल्या दिवशी कुणाची तरी होडी रॅम्पवरून सुटते आणि मागून हळूहळू भरायला लागते, कारण बूच घरी फडताळात राहिलेलं असतं. किल्लीला बांधलं की गाडी सुरू करतानाच हाताला लागतं.

साडेपाच

9 नंबरच्या रस्त्याने वेअर गावाकडे आणि तिथून उत्तरेला. होड्या पाण्यात उतरवायच्या जागा तीनच आहेत; आम्ही हार्डविकच्या 43 नंबरच्या गेटवर जातो. अंधारात ट्रेलरच्या लाल दिव्यांची रांग लागलेली असते. कुणी हॉर्न वाजवत नाही.

इथे तपासणीत जो वेळ जातो तो का जातो, हे समजून घेण्यासारखं आहे. क्वाबिन हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. बोस्टन आणि आसपासच्या शहरांना, म्हणजे जवळजवळ तीस लाख लोकांना, इथलं आणि वाचुसेट जलाशयाचं पाणी जातं. हे पाणी गाळलं जात नाही. ओझोन आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक होऊन ते नळाला येतं. गाळण्याची गरज पडू नये म्हणून पाणलोटातलं जंगल राखलं आहे आणि पाण्यावर येणाऱ्या प्रत्येकावर नजर आहे. 2009 मध्ये राज्याच्या पश्चिमेला लॉरेल तलावात झेब्रा शिंपले सापडले. नखाएवढा हा शिंपला पाइपांच्या आत, जाळ्यांवर थरावर थर बसतो आणि पाणी घेण्याची तोंडं बुजवून टाकतो. एका तलावातून दुसऱ्यात तो होडीबरोबर जातो. तळाशी साचलेल्या पेलाभर पाण्यात त्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असू शकतात. म्हणून खासगी होडीपुढे दोनच मार्ग ठेवले आहेत. एकतर कढत पाण्याने धुऊन घ्यायची, किंवा हिवाळ्याच्या तोंडावर तपासून सील लावून घ्यायची आणि सगळी थंडी कोरडी उभी ठेवायची. गोठणारी हवा शिंपल्यांचा निकाल लावते. आम्ही दुसरा मार्ग धरतो. ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी सरकारी होड्या भाड्याने मिळतात.

तपासणी करणारी बाई विजेरीच्या उजेडात सीलचा क्रमांक कागदाशी ताडून पाहते, होडीच्या तळात हात घालून ओल आहे का बघते आणि सील कापते. रांगेत कधी कुणी कुरकुरतं. मला ती कुरकुर पटत नाही. आपण दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यावर पाहुणे आहोत. उंबऱ्यावर पाय धुवायला सांगितलं तर राग कशाचा?

सहा

रॅम्पवर पहाटे खरा धोका निसरडेपणाचा. आधीच्या ट्रेलरांवरून निथळलेलं पाणी काँक्रीटवर गोठतं. त्यावर वाळू टाकलेली असते, तरी गमबूट घसरतात. म्हणून सगळी तयारी वर, वाहनतळावरच करायची: मागचे पट्टे सोडायचे, बूच घट्ट बसवायचं, लाइफ जॅकेट अंगात चढवायचं, पुढचा दोर हातात घ्यायचा. पुढच्या कप्पीचा हूक मात्र होडी पाण्याला लागेपर्यंत सोडायचा नाही. तो वरच सोडला तर होडी बर्फाळ उतारावर गाडीच्या आधी खाली पोचते.

मी गाडी उलटी घेतो, काका दोर धरून बाजूने चालतात. "अजून... अजून... बास!" होडी मागून उचलली जाते, हूक सुटतो, काका तिला धक्क्याच्या कडेला ओढतात. मोटर तिसऱ्या-चौथ्या झटक्याला धरते. ती धरल्यावर मागच्या बारीक नळीतून पाण्याची धार येते का, हे पाहायचं. धार नसेल तर थंड करणारं पाणी फिरत नाही, आणि मोटर तिथेच बंद करून वर यायचं.

साडेसहा

पाणी काळं आहे आणि वाफ सोडतं आहे. उत्तरेकडच्या फुगवट्याच्या अरुंद फाट्यांत अजून बर्फ आहे, पण तो पांढरा राहिलेला नाही. पाणी शोषून करडा, मग जवळजवळ काळा झाला आहे. या दिवसांतला बर्फ वरून वितळून पातळ होतो असं वाटतं, पण तो आतून उभा फाटतो. त्याच्या उभ्या लांब कांड्या एकमेकींपासून सुटतात. अर्धा हात जाडीचा थरसुद्धा मग माणसाचं वजन पेलत नाही आणि एका वाऱ्यात भुगा होतो. आमच्या लाटेने कडेच्या कांड्या हलल्या, की काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज येतो.

पाण्याचं तापमान 4 अंश. या आकड्यावरच आजचा दिवस उभा आहे. 4 अंशांचं पाणी सर्वांत जड असतं. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर तरंगतं, म्हणूनच तलाव वरून गोठतो आणि मासे खाली जगतात. बर्फ सुटला की वरचं पाणी तापून 4 अंशांवर येतं आणि वरपासून तळापर्यंत सगळ्याचं वजन सारखं होतं. मग साधा वाराही अख्खा तलाव ढवळू शकतो. हिवाळाभर कोंडलेल्या तळाला प्राणवायू मिळतो. उन्हाळ्यात पाण्याचे थर पुन्हा वेगळे होतात आणि गारव्याचे भुकेले सामन आणि लेक ट्राउट खोल दडी मारतात. एप्रिलमधले हे थोडे आठवडे मात्र त्यांना वरखाली कुठेही सारखाच गारवा असतो, आणि ते वर येतात. वर त्यांचं खाणं असतं. बोटभर लांबीचे स्मेल्ट मासे बर्फ सुटताच रात्री ओढ्यांच्या तोंडाशी अंडी घालायला जमतात, आणि सामन त्यांच्या मागे.

हेच पाणी माणसाचा जीवही घेतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्यासाठी सांगितलेला हिशोब मी होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: 1-10-1. पडल्यावर पहिलं 1 मिनिट धाप लागून श्वास ताब्यात राहत नाही. त्यात तोंड पाण्याखाली गेलं तर संपलं. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि गारठून शुद्ध जायला 1 तासाच्या आसपास लागतो. म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बुडवते ती पहिल्या काही मिनिटांतली धाप आणि बधिर हात. या राज्यात 15 सप्टेंबर ते 15 मे या काळात कनू आणि कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगात असण्याची कायद्याने सक्ती आहे. माझ्या होडीत ती सक्ती मी स्वतः घालून घेतली आहे. बसण्याच्या फळीखाली ठेवलेलं जॅकेट 4 अंशांच्या पाण्यात घालता येत नाही.

सात ते दहा

काम संथ आहे. मोटर अगदी हळू ठेवायची, माणूस चालतो तेवढी, आणि होडीमागे तीसेक मीटर दोर सोडून गळ ओढत न्यायचा. गळाला स्मेल्टसारखी दिसणारी पिसांची माशी. मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स यांनी 1924 मध्ये बांधलेल्या ग्रे घोस्टचीच ही भावंडं. सरळ रेषेत जायचं नाही. नागमोडी गेलं की वळणाच्या आतली माशी मंदावते, बाहेरची वेग घेते, आणि मासा बहुधा त्याच क्षणी झेपावतो. शिसं वापरायचं नाही. 2012 पासून राज्यातल्या गोड्या पाण्यात शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे, कारण लून पक्षी ती खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. लून इथे 1975 मध्ये पुन्हा घरटं करू लागले. त्यांची लांबलचक हाक आज दोनदा आली.

दोराच्या कड्यांत बर्फ धरतो, दर थोड्या वेळाने गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून तो सोडवावा लागतो. बोटं वाकत नाहीत. आठच्या सुमारास काकांची काठी वाकते. सामन पाण्याबाहेर उडी मारतो, एकदा, मग परत. काका दोर ताणत नाहीत, देत राहतात. हाताच्या जाळ्यात घेऊन मोजला तर 15 इंचांच्या अटीला थोडा कमी. सोडायचा. काका आधी हात ओले करतात. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो सुटूनही मरतो.

साडेदहा

उन्हात चहा. समोर बेटं आहेत, आणि ही बेटं एकेकाळी टेकड्या होत्या.

या पाण्याखाली चार गावं आहेत: डेना, एनफील्ड, ग्रीनविच, प्रेस्कॉट. 27 एप्रिल 1938 च्या रात्री एनफील्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच झाला आणि मध्यरात्र उलटताच चारही गावं कायद्याने संपली. सुमारे 2,500 माणसं उठली. सुमारे साडेसात हजार कबरी उकरून हलवल्या, बहुतेक वेअरमधल्या नव्या दफनभूमीत. घरं पाडली, झाडं तोडली, मग 1939 मध्ये पाणी अडवलं. तलाव भरायला 1946 उजाडलं. साठा सुमारे 55 टीएमसी, कोयनेच्या निम्म्याहून थोडा जास्त. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं; इथे असं काही वर येत नाही. मात्र काठावर जुने रस्ते सरळ पाण्यात उतरताना दिसतात, आणि जंगलात तळघरांचे दगडी खड्डे आहेत.

काका हे पहिल्यांदा ऐकून गप्प झाले होते. त्यांच्या आईचं माहेर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. आज ते एवढंच म्हणाले, "इथं निदान कबरी तरी मोजून हलवल्या."

त्यात त्यांचं दुःख आहे आणि न्यायही आहे. कोयनेची वीज महाराष्ट्राने साठ वर्षं वापरली, आणि तिथल्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून कागदांत फिरतात. धरण बांधणं मला चूक वाटत नाही. पण ज्यांच्या जमिनीवर पाणी उभं आहे त्यांचं देणं आधी चुकवायला हवं होतं.

टक्कलगरुड वरून जातो. 1982 ते 1988 या काळात 41 पिल्लं बाहेरून आणून इथे वाढवली, आणि 1989 मध्ये राज्यात पुन्हा घरटं झालं. बेटांवर उतरायला मनाई आहे, ती त्यांच्यामुळेही.

एक

दुपारी वारा उठतो. जलाशय उत्तर-दक्षिण सुमारे 29 किलोमीटर लांब आहे, आणि वारा त्या लांबीत धावला की तासाभरात लाटांचे फेस दिसायला लागतात. फेस दिसले की परतायचं. मासा लागत असला तरी. तोवर आमच्याकडे एक लेक ट्राउट आहे, 18 इंचांची अट ओलांडणारा.

तीन

रॅम्पवर होडी वर घेतली की बूच काढायचं, तळ पुसायचा, नांगराचा दोर पिळायचा. गेटवर नवं सील लागतं.

मासा घरी नेण्याआधी तिथल्या फलकावरचा पाऱ्याबद्दलचा इशारा वाचावा. कोळशाच्या धुरातून आलेला पारा मोठ्या माशांच्या अंगात साठतो, म्हणून मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी कोणते मासे टाळावेत हे तिथे लिहिलेलं असतं. काका ट्राउट हळद, मीठ, आगळ लावून तव्यावर करतात. नातवंडांच्या पानात तो वाढत नाहीत.

न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी एप्रिलमध्ये तिकडे जाणार असेल, तर एवढं करा: जॅकेट रॅम्पवरच अंगात घाला, आणि घरी आल्यावर होडीचं सील कापू नका. पुढच्या शनिवारी ते तुटलेलं दिसलं, तर होडी पुन्हा धुवून आणल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत.