हुशार मूल शोधायचं कुणी?

वर्गातली हुशार मुलं कोणती, हे शिक्षकांना विचारलं की झालं, असं आपल्याला वाटतं. वर्षभर मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर असतात, त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि त्यांच्या नजरेतून एखादं सुटलंच, तर सांगायला आईवडील आहेतच. हा समज कितपत खरा आहे, हे तपासायची एक चांगली संधी अमेरिकेतल्या एका जिल्ह्यानं संशोधकांना नकळत देऊन टाकली. शिक्षणाच्या अर्थशास्त्रात पीएचडी करणाऱ्या आम्हा मंडळींना हा अभ्यास जवळजवळ पाठच असतो, पण त्या वर्तुळाबाहेर तो फारसा कुणी सांगत नाही. म्हणून आज तो.

जिल्हा ब्रोवर्ड, राज्य फ्लोरिडा, मायामीच्या अगदी शेजारी. फ्लोरिडात ‘गिफ्टेड’ हा नुसता कौतुकाचा शब्द नाही, तो सरकारी नियमांत बसवलेला आहे. बुद्ध्यांक साधारण १३० किंवा त्याहून जास्त असेल, तर मूल या गटात येतं आणि त्याला वेगळी शैक्षणिक सोय मिळते. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरलेली असते आणि १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन-तीन मुलं जातात. गरीब घरातल्या (म्हणजे शाळेतलं जेवण फुकट किंवा सवलतीत मिळणाऱ्या) आणि इंग्रजी नव्यानं शिकत असलेल्या मुलांसाठी ही रेषा थोडी खाली, ११६ वर, ठेवलेली होती.

आता ही चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ एकेका मुलाला समोर बसवून घेतो. वेळखाऊ आणि खर्चिक काम. सगळ्यांची घेणं शक्य नाही, म्हणून आधी कुणीतरी नाव सुचवायचं: शिक्षकांनी किंवा पालकांनी. मग शाळेच्या मानसशास्त्रज्ञाकडे नंबर लागणार. ज्यांना थांबायचं नसेल ते स्वतःच्या खर्चानं खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घेऊ शकत. हे कुणाला परवडतं, ते वेगळं सांगायला नको.

२००५ मध्ये जिल्ह्यानं एक बदल केला. दुसरीतल्या प्रत्येक मुलाला, नाव कुणी सुचवलेलं असो वा नसो, अर्ध्या तासाची एक छोटी चाचणी द्यायची. तीही अशाब्दिक. आकृत्यांचा क्रम, त्यातली रिकामी जागा, तिथे काय येईल ते ओळखा, अशा थाटाची. भाषा कच्ची असली तरी अडत नाही. यात वर आलेल्या मुलांनाच पुढे बुद्ध्यांक चाचणीला पाठवायचं. गिफ्टेड ठरण्याचे निकष मात्र आधीचेच, १३० आणि ११६. त्यात काडीचाही बदल नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा अभ्यास तिच्यावर उभा आहे. निकष तेच राहिले, फक्त चाळणीत कुणाला घालायचं ते बदललं.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली. (कार्ड म्हणजे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले.) गिफ्टेड ठरणाऱ्यांत गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं होतं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी, कृष्णवर्णीय मुलांचं ८० टक्क्यांनी. ही मुलं २००५ साली अचानक हुशार झालेली नाहीत. ती आधीही त्याच बाकांवर बसत होती, फक्त त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. रेषा ११६ वर आणली आहे म्हटल्यावर काठावरची मुलंच वाढली असतील ना? तसं असतं तर मलाही या निकालाचं एवढं कौतुक वाटलं नसतं. पण नव्यानं सापडलेल्यांमध्ये अशी कितीतरी मुलं निघाली, ज्यांचा बुद्ध्यांक किमान रेषेच्या बराच वर होता. म्हणजे जुनी पद्धत नुसती काठावरच्यांना नाही, चांगल्या तल्लख मुलांनाही चुकवत होती.

शिक्षकांना यात खलनायक करायचं कारण नाही. ‘हुशार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूल येतं: हात वर करणारं, नीट बोलणारं, वही टापटीप ठेवणारं, वर्गाची भाषा घरीही बोलणारं. दोन मिनिटांत गणित सोडवून शेजाऱ्याच्या खोड्या काढणारं किंवा तोंडच न उघडणारं मूल त्या चित्रात बसत नाही. पालकांचं तर आणखी वेगळं. अशी काही चाचणी असते हेच ज्यांना माहीत नाही, ते अर्ज कशाचा करणार?

पुढे मंदी आली, पैशांची चणचण सुरू झाली आणि २०१० मध्ये जिल्ह्यानं सरसकट चाचणी थांबवली. तफावत परत आली, जवळजवळ पूर्वी होती तेवढीच. माणसांसाठी ही वाईट बातमी, संशोधकासाठी मात्र पुरावा पक्का करणारी: योजना आली तेव्हा आकडे चढले, गेली तेव्हा उतरले.

आपल्याकडे गिफ्टेड असा शिक्का नाही, पण शिष्यवृत्ती परीक्षा आहे, सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत द्यायची नवोदयची परीक्षा आहे, आठवीला एनएमएमएस आहे. नवोदयमध्ये तर किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून याच विषयात काम करतेय. या सगळ्यांत समान धागा असा की आधी कुणीतरी फॉर्म भरावा लागतो. स्कॉलरशिपला कोण बसणार, जादा तासांना कोण थांबणार, हे बऱ्याच शाळांत वर्गशिक्षक ठरवतात किंवा घरचे. म्हणजे ब्रोवर्डची २००५ च्या आधीची पद्धत. परीक्षा अगदी निष्पक्ष असली, तरी तिच्या आधीची एक चाळणी आपण मोजतच नाही. निकालाच्या यादीत किती मुलं आली ते पेपरात छापून येतं, बसलीच नाहीत त्यांची यादी नसते.

अर्थात चाचणीलाही सगळं दिसतं असं नाही. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात अतिबुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला, तेव्हा चाचणीत कमी पडून वगळली गेलेली दोन मुलं म्हणजे विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता दुसरा भाग: सापडली, पुढे काय? कार्ड आणि जुलियानो यांनी त्याच जिल्ह्यातल्या चौथीच्या वेगळ्या वर्गांचाही अभ्यास केला. नियम असा होता की शाळेच्या चौथीत एक जरी गिफ्टेड मूल असेल, तरी खास वर्ग काढायचा. पण एका मुलासाठी वर्ग कसा चालवणार? म्हणून उरलेल्या जागा आदल्या वर्षीच्या परीक्षेत वरचे गुण मिळवलेल्या, गिफ्टेड नसलेल्या मुलांनी भरायच्या. समजा दहा जागा उरल्या, तर दहावा आत आणि अकरावा बाहेर. दहाव्यात आणि अकराव्यात तसा काय फरक? नशिबाचा. म्हणूनच त्यांची पुढची प्रगती ताडून पाहिली की वर्गाचा परिणाम स्वच्छ दिसतो.

निकाल उलटाच लागला. ज्यांच्यासाठी वर्ग काढला त्या गिफ्टेड मुलांच्या गुणांत फारसा फरक नाही. फायदा झाला तो जागा भरायला घेतलेल्या मुलांचा, त्यातही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचा: वाचन आणि गणितात जवळजवळ अर्धं प्रमाण विचलन. ही भाषा रुक्ष आहे, म्हणून असं समजा की शंभरात पन्नासाव्या क्रमांकावरचं मूल वर एकतिसाव्या क्रमांकाच्या आसपास जाईल, एवढी ती उडी. शिक्षणातल्या योजनांच्या मानानं हे खूपच आहे. हा परिणाम सहावीपर्यंत तरी टिकला. आणि जी मुलं नेहमीच्या वर्गात राहिली त्यांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. हुशार मुलं काढून घेतली की मागचा वर्ग खचतो, ही भीती निदान इथे खरी ठरली नाही.

हे कशामुळे झालं? शिक्षक जास्त चांगले होते का, सोबतची मुलं हुशार असल्यामुळे का, हे त्यांनी तपासलं. त्यातून पूर्ण उलगडा होत नाही. त्यांचा कल असा की नेहमीच्या वर्गात या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवल्या जातात, बरोबरीच्यांचाही दबाव असतो, आणि नव्या वर्गात तो अडसर दूर होतो. मला हे पटतं, पण हे थेट मोजलेलं नाही, तो निष्कर्ष आहे. शिक्षकांच्या अपेक्षांनी मुलाचे गुण खरंच बदलतात का, यावर १९६८ च्या रोझेन्थाल आणि जेकबसन यांच्या प्रयोगापासून वाद चालू आहे. त्यावर पुढच्या लेखात लिहिते. तोवर तुमच्या शाळेत स्कॉलरशिपला कोण बसणार हे कुणी आणि कसं ठरवलं होतं, ते आठवत असेल तर मला जरूर कळवा.