बिल्ला कोणाचा?

गेल्या आषाढांत मुलुंडच्या एका स्नेह्यांकडे आम्ही दुपारच्या चहास गेलों होतों. घर जुन्या वळणाचें. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें, आणि सर्वांच्या वर ऐंशी उलटलेले दादा. दिवाणखान्यांत एक टॅब्लेट असतो. तो भिंतीवरील घड्याळाप्रमाणें सर्वांचा, म्हणजे कोणा एकाचा नव्हे. सकाळीं दादा त्यावर वर्तमानपत्र वाचतात, दुपारीं सुना किराणा मागवितात, सायंकाळीं मुलें अभ्यास करतात, निदान तसें सांगतात. चहा चालला असतां दादा थोरल्या सुनेस शांतपणें म्हणाले, "सूनबाई, तुम्ही मंडळी ती खाट कोणासाठीं पाहतां आहां?"

कोणी उत्तर दिलें नाहीं. दादांच्या फुप्फुसांची स्थिति डॉक्टरांनीं मुलांस एकीकडे घेऊन सांगितली होती, आणि इतक्यांत दादांस कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं असें घरांत ठरलें होतें. रात्रीं निजानीज झाल्यावर दोघां भावांनीं त्याच टॅब्लेटवर, वरखालीं होणारी रुग्णाची खाट व प्राणवायूचें यंत्र भाड्यानें कोठें मिळेल याचा शोध केला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांनीं वर्तमानपत्र उघडलें, तों अग्रलेखाच्या शेजारीं तीच खाट! तिसऱ्या दिवशीं खाट आणि यंत्र दोन्ही. चवथ्या दिवशीं त्यांनीं हा प्रश्न विचारला. घरांतील एकाही माणसाच्या तोंडून शब्द गेला नव्हता. चहाडी केली ती टॅब्लेटनें.

चहाडी करणाऱ्या या वस्तूचें नांव कुकी. नांव खाऊचें आहे, परंतु वस्तु म्हणजे चार अक्षरांची एक चिठ्ठी. १९९४ सालीं अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली या तरुणानें ती ब्राउझरमध्यें प्रथम बसविली. त्यास अडचण अशी होती कीं, संकेतस्थळाच्या सर्व्हरला स्मरण म्हणून नसतेंच. आपण एक पान मागावें, त्यानें तें द्यावें, आणि देतांक्षणींच आपणांस विसरावें. दुकानांत एक वस्तु टोपलींत टाकून दुसरी घ्यावयास वळलें कीं दुकानदार पुन्हां "आपण कोण?" म्हणून विचारणार! यावर माँटुलीनें तोड काढली ती आमच्या वाचकांस नवी वाटूं नये. देवळाबाहेर जोडे ठेवतांना जो पितळी बिल्ला मिळतो, तोच हा. जोडे सांभाळणारा आपलें नांव, गोत्र, गांव कांहीं विचारीत नाहीं. तो बिल्ला देतो, आणि परत येऊन तो दाखवितांच त्या आंकड्याचे जोडे पुढें करतो. सर्व्हरही तसाच एक आंकडा फोनच्या हवालीं करतो, आणि पुढें प्रत्येक मागणीबरोबर फोन तो मुकाट्यानें दाखवीत राहतो.

या बिल्ल्याविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. एक, तो माणसास ओळखीत नाहीं. दुसरी, तो ज्याच्या हातीं असेल त्याला जोडे मिळतात.

कोणी विचारील कीं, सर्व्हरनें फोनचा इंटरनेटवरील पत्ताच कां पाहूं नये? बोरिवलीहून सकाळच्या गाडीनें चर्चगेटला निघालेल्या गृहस्थाचें उदाहरण घेऊं. घरीं त्याचा फोन घरच्या वाय-फायवर होता. जिना उतरून रस्त्यावर आला तों वाय-फाय सुटलें आणि मोबाइल कंपनीचें जाळें लागलें, पत्ता बदलला. वाटेंत एका मनोऱ्याच्या हद्दींतून दुसऱ्याच्या हद्दींत जाणें कंपनी सांभाळून घेते, परंतु कचेरींत पोहोंचून तेथील वाय-फाय धरलें कीं पत्ता पुन्हां बदलला. शिवाय मोबाइल कंपन्या पुष्कळदां अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवितात. म्हणजे डब्यांतील अनोळखी शेजारी आणि आपण बाहेरून एकच दिसतों. अशा गर्दींत अंधेरीस अर्धा लिहिलेला अर्ज दादरला तसाच मिळतो, तो या बिल्ल्याच्या कृपेनें. तेव्हां कुकी म्हटली कीं ती वाईटच, असें मानण्याचें कारण नाहीं.

फोनमध्यें बिल्ले ठेवावयास जागाच नव्हती असाही एक काळ होऊन गेला. २००० सालच्या सुमारास वॅप नांवाच्या पद्धतीनें फोनवर इंटरनेट येऊं लागलें. पडदा चार-सहा ओळींचा, स्मृति तुटपुंजी, आणि वेग बहुधा सेकंदाला ९,६०० बिट. बिल्ला प्रत्येक मागणीबरोबर जावयाचा, म्हणजे त्याचें ओझेंही प्रत्येक खेपेस वाहावयाचें. म्हणून फोन आणि इंटरनेट यांच्यामध्यें कंपनीचें जें गेटवे नांवाचें द्वार असे, त्यानेंच ग्राहकाचे बिल्ले आपल्याजवळ ठेवावे आणि त्याच्या वतीनें दाखवावे, अशी सोय वॅपच्या नियमांत केलेली होती. आजच्या फोनला एका बिल्ल्याचीं चार हजार अक्षरें म्हणजे कांहींच नव्हे. ते त्याच्याच पोटांत राहतात. पण मधल्या द्वारपाळाचा मोह कांहीं सुटला नाहीं. अमेरिकेंतील व्हेरायझन या मोबाइल कंपनीनें २०१२ पासून ग्राहकांच्या उघड्या मागण्यांना वाटेंतच स्वतःचा एक ओळखक्रमांक चिकटविण्यास आरंभ केला. ग्राहकानें फोनमधील सगळ्या कुकी पुसल्या तरी हा क्रमांक पुसला जात नसे, कारण तो फोनमध्यें नव्हताच. २०१४ सालीं हें बाहेर फुटलें, आणि मार्च २०१६ मध्यें तेथील सरकारी आयोगानें कंपनीला साडेतेरा लक्ष डॉलर दंड केला.

बिल्ला चोरीस गेल्यास काय होतें, हें जगास ऑक्टोबर २०१० मध्यें कळलें. एरिक बटलर या अमेरिकन तरुणानें फायरशीप नांवाची एक लहानशी जोडणी फायरफॉक्स ब्राउझरसाठीं सर्वांस खुली केली. उपाहारगृहाच्या बिनकुलपी वाय-फायवर बसलेल्या इतर गिऱ्हाइकांचे बिल्ले हवेंतून टिपावयाचे आणि त्यांच्या नांवानें त्यांच्या खात्यांत शिरावयाचें, इतकें तें सोपें झालें. परवलीचा शब्द ठाऊक असण्याची जरूरच नव्हती! त्याचा हेतु चोरी शिकविण्याचा नसून मोठ्या कंपन्यांची झोप मोडण्याचा होता, आणि ती मोडली. पुढील कांहीं वर्षांत फेसबुकसारख्या स्थळांनीं आपला सर्व व्यवहार एचटीटीपीएस या कुलूपबंद मार्गानें सुरू केला. मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांचें फुकट वाय-फाय जानेवारी २०१६ मध्यें चालूं झालें, तोंवर मोठीं स्थळें बहुतेक कुलुपाआड गेलीं होतीं. (गूगलनें त्या योजनेंतून अंग काढून घेत असल्याचें फेब्रुवारी २०२० मध्यें जाहीर केलें.) म्हणून फलाटावरील वाय-फायला भिऊन घरीं बसण्याचें आज प्रयोजन नाहीं. मात्र "हा मार्ग सुरक्षित नाहीं" अशी सूचना ब्राउझरनें दिली असतां ती घाईनें बाजूस सारून पुढें जाण्याची जी अनेकांस संवय असते, ती सोडावी.

येथें एका नित्याच्या तक्रारीचा उलगडा करून टाकूं. "सकाळींच नांव-शब्द घातला होता, आतां पुन्हां कां मागतो?" असें वडील मंडळी वारंवार विचारतात. फोनवर ब्राउझर एकच दिसला तरी बिल्ल्यांच्या पिशव्या अनेक असतात. कित्येक ॲप एखादा दुवा दाबला असतां तो आपल्याच पोटांतील लहानशा ब्राउझरमध्यें उघडतात, आणि त्याची पिशवी निराळी. आयफोनवर फुकट वाय-फायची परवानगी घेणारी खिडकी तर आपली पिशवी मुख्य ब्राउझरला दाखवीतही नाहीं. एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या पिशवींत सांपडावयाचा कसा?

आतां दादांच्या खाटेकडे वळूं. वर्तमानपत्राचें पान आपणांस एक दिसतें. पण तें एका ठिकाणाहून आलेलें नसतें. मजकूर वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येतो, आणि जाहिरातीचा चौकोन कोणा जाहिरात-कंपनीच्या. खाटेच्या दुकानाच्या पानांतही त्याच कंपनीचा एक अदृश्य तुकडा होता. रात्रीं त्या तुकड्यानें टॅब्लेटला बिल्ला दिला. सकाळीं वर्तमानपत्राच्या चौकोनानें तोच बिल्ला परत पाहिला. शहरांतील प्रत्येक देवळाच्या दारांत एकाच दलालाचा पोऱ्या बसावा, आणि आपण कोठें कोठें गेलों तें त्यानें वहींत टिपून ठेवावें, तसा हा प्रकार. यास त्रयस्थ कुकी म्हणतात. ॲपल कंपनीच्या सफारी ब्राउझरनें मार्च २०२० पासून अशा कुकी सरसकट बंद केल्या. गूगलनें आपल्या क्रोममधून त्या दोन वर्षांत काढून टाकूं असें जानेवारी २०२० मध्यें जाहीर केलें, मग मुदत वाढवीत नेली, आणि जुलै २०२४ मध्यें तो बेतच सोडून दिला. जाहिरातींवर ज्या कंपनीचें पोट भरतें तिनें स्वतःचें ताट दूर सारावें ही अपेक्षाच भाबडी होती, असें आमचें मत आहे. सारांश, अँड्रॉइड फोनावर क्रोम वापरणाऱ्यानें हा दरवाजा स्वतःच्या हातानें लावावा लागतो. सेटिंग्जमध्यें खाजगीपणाच्या सदराखालीं त्रयस्थ कुकी अडविण्याची खूण आहे. ती केल्यानें नित्याचे व्यवहार क्वचितच अडतात.

पण एवढ्यानें आमच्या घरांचा प्रश्न सुटत नाहीं. ज्यांनीं ही व्यवस्था योजिली त्यांच्या डोळ्यांपुढें एक माणूस व त्याचें एक यंत्र असें चित्र होतें. आमच्याकडे एका यंत्रावर सात माणसें. बिल्ला यंत्राचा, आणि कृत्यें सात जणांचीं. मग थोरलीनें नोकरी शोधावी आणि तिच्या जाहिराती सासूबाईंस दिसाव्या, धाकटीनें स्त्रीरोगतज्ज्ञाचा पत्ता पाहावा आणि बाळाच्या दुपट्यांच्या जाहिराती मुलांच्या अभ्यासांत याव्या, हें ओघानेंच आलें. एकत्र कुटुंबांत खाजगी असें कांहीं नसतेंच, असें कोणी म्हणतील तर तें आम्हांस मान्य नाहीं. जुन्या घरांतही सुनेची माहेरची पेटी असे, आणि घरांतील करड्यांत करडी सासूही ती उघडीत नसे. दहा माणसें एका छपराखालीं गोडीनें नांदत, तीं कांहीं अंशीं अशा न उघडलेल्या पेट्यांमुळेंच.

तशी पेटी आजही करतां येते. अँड्रॉइडच्या पुष्कळ टॅब्लेटांत प्रत्येकासाठीं निराळा वापरकर्ता निर्माण करतां येतो; त्याच्या कुकी, त्याचा इतिहास सर्व निराळें. तें जमत नसेल तर नाजूक शोधासाठीं ब्राउझरची गुप्त खिडकी उघडावी आणि काम होतांच बंद करावी. बंद होतांच तिच्यांतील बिल्ले नाहींसे होतात. ती खिडकी घरच्यांपासून झांकते, जगापासून नव्हे, एवढें समजून असावें. बँकेचें काम झाल्यावर मात्र केवळ खिडकी मिटूं नये, "लॉग आउट" दाबूनच बाहेर पडावें, म्हणजे बिल्ला खिडकीवर परत केल्यासारखें होतें. ॲपांचा हिशेब वेगळा आहे. त्यांस कुकीऐवजीं फोनचा जाहिरात-क्रमांक पुरतो, आणि तो अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधून पुसतां येतो.

सगळ्याच कुकी पुसून टाकाव्या असा सल्ला देणारे उत्साही तरुण घरोघरीं आढळतात. घाटकोपरच्या आमच्या एका मावशींकडे अशाच एका नातवानें सुटींत ही सफाई केली. मावशींचें वीजबिल, ग्रंथालयाचें खातें, अमेरिकेंतील मुलाचे छायाचित्रसंग्रह, सगळ्यांचीं दारें एकदम लागलीं. परवलीचे शब्द एका जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिलेले होते, आणि तें पंचांग रद्दींत गेलें होतें. तीन दिवस घरांत दुसरा विषय नव्हता. पुसावयाचे ते दलालांचे बिल्ले. जोडे ठेवलेल्या जागेचे नव्हेत.

कायद्याचीही थोडी मदत आतां होईल अशी चिन्हें आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२३ मध्यें झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं आहेत. संमति मागणारी सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचण्याची सोय द्यावी असें त्यांत आहे, म्हणजे मराठींतही. अठरा वर्षांखालील मुलांच्या मागावर राहून त्यांस जाहिराती दाखविण्यास त्यांत मनाई आहे. परंतु तोच टॅब्लेट सकाळीं आजोबांच्या आणि सायंकाळीं नातीच्या हातीं असतां तो कोणाचा समजावयाचा, हें सर्व्हरला कोण सांगणार?

मुलुंडच्या घरीं आतां टॅब्लेटवर पांच वापरकर्ते आहेत, आणि पहिलें नांव दादांचें. त्या दुपारीं थोरल्या मुलानें अखेर त्यांच्याजवळ बसून सर्व सांगितलें. दादांनीं ऐकून घेतलें आणि डॉक्टरांचीं कागदपत्रें स्वतः वाचावयास मागितलीं. खाट भाद्रपदांत आली. ती कोणती आणावी हें त्यांनींच ठरविलें. मुलांनीं पाहून ठेविलेली त्यांस फार महाग वाटली.