गुलाबी फितीचा हिशेब: स्तनाच्या कर्करोगासाठी निधी गोळा करताना काय पाहावे?

ऑक्टोबर जवळ आला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर, महिला मंडळात, ऑफिसमध्ये एक विषय हमखास निघतो: "यंदा ब्रेस्ट कॅन्सरसाठी काहीतरी करूया." कुणी सकाळच्या वॉकची कल्पना मांडते, कुणी भोंडल्याला सगळ्यांनी गुलाबी साडी नेसायचे सुचवते, कुणी म्हणते वर्गणी काढू आणि एखाद्या रुग्णालयाला देऊ.

हेतू चांगलाच असतो. तरी अशा कार्यक्रमांचा विषय निघाला की मला माझ्या एका रुग्णाची आठवण येते. पन्नाशीच्या या ताई तपासणीला आल्या तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही पसरली होती. गाठ केव्हापासून आहे असे विचारल्यावर म्हणाल्या, "आठ महिने झाले. आमच्या इथे कॅन्सरची रॅली निघाली होती, त्यात मीसुद्धा चालले. तेव्हाही गाठ होती. पण विचारायचे कुणाला?"

रॅलीत टी-शर्ट होते, फुगे होते, भाषण झाले, फोटो निघाले. गाठ असेल तर उद्या सकाळी कुठे जायचे, एवढेच कुणी सांगितले नव्हते.

तुमचे मंडळ या आजारासाठी पैसे गोळा करणार असेल, तर ते पैसे नेमके कुठे उपयोगी पडतात हे आधी समजून घ्या.

हा प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. लवकर सापडला तर तो बऱ्याचदा पूर्ण बरा होतो. आपल्याकडे मात्र बऱ्याच स्त्रिया आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर येतात. त्यामागे भीती, संकोच, पैशाची चणचण आणि "दुखत नाही म्हणजे काही नसेल" हा गैरसमज अशी अनेक कारणे असतात.

गुलाबी फीत कुठून आली?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या ६८ वर्षांच्या आजी घरी बसून पीच रंगाच्या फिती तयार करत. त्यांच्या कुटुंबातल्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला होता. फितींबरोबर त्या एक कार्ड वाटत. त्यावर लिहिले होते की राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १८० कोटी डॉलरच्या वार्षिक अंदाजपत्रकापैकी फक्त ५ टक्के रक्कम कर्करोग टाळण्याच्या कामावर खर्च होते. लोकप्रतिनिधींना जागे करण्यासाठी ही फीत लावा, असे आवाहन त्या करत.

१९९२ मध्ये एक नियतकालिक आणि एस्टी लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी यांनी ही फीत आपल्या मोहिमेत घ्यायचे ठरवले. मोहिमेला व्यापारी रूप येईल म्हणून हेलीबाईंनी नकार दिला. मग रंग बदलून गुलाबी करण्यात आला आणि ती फीत जगभर गेली.

म्हणजे मूळ फीत हा पैशाच्या हिशेबाबद्दल विचारलेला प्रश्न होता. पुढे गुलाबी रंगाच्या नावाखाली वाट्टेल ते विकले जाऊ लागले, तेव्हा २००२ मध्ये अमेरिकेतल्याच 'ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन' या संघटनेने मोहीम उघडून ग्राहकांना सांगितले: गुलाबी वस्तू घेण्यापूर्वी त्यातला किती पैसा कुठे जातो ते विचारा. तुम्हीही आपल्या कार्यक्रमाबद्दल हाच प्रश्न विचारा.

आधी ठरवा: पैसे कशासाठी?

"कर्करोगासाठी मदत" या एका नावाखाली तीन वेगळी कामे येतात: जनजागृती, संशोधन आणि रुग्णांना मदत. तिन्ही गरजेची आहेत, पण प्रत्येकाला लागणारा पैसा आणि माणसे वेगळी असतात.

१. जनजागृती

यासाठी पैसे कमी आणि नियोजन जास्त लागते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये १९९८ पासून केलेला अभ्यास इथे मार्गदर्शक आहे. त्यात ३५ ते ६४ वयोगटातल्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. एका गटाला सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली. दुसऱ्या गटात माहितीबरोबरच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हाताने स्तनांची तपासणी केली आणि शंका आली तर पुढे पाठवले.

वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात निदान होणाऱ्यांचे प्रमाण फक्त माहिती मिळालेल्या गटात ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के होते. पन्नास आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू तपासणीमुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूदरात असा ठोस फरक दिसला नाही.

याचा अर्थ, नुसते भाषण पुरेसे नाही. माहितीला तपासणीची आणि पुढे पाठवण्याच्या सोयीची जोड हवी. त्यासाठी महागडे यंत्रच लागते असेही नाही. शिकवलेले हात पुष्कळ काम करतात.

कार्यक्रमात सांगायचा संदेशही अचूक असावा:

- स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्रावर न भरणारी जखम: यातले काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.
- बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण तपासल्याशिवाय ते सांगता येत नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.
- सुई टाकून तपासणी म्हणजे बायोप्सी केल्याने कर्करोग पसरतो, हा गैरसमज आहे.
- दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःची तपासणी शिकवल्याने मृत्यू कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. चीनमधील शांघाय येथे अडीच लाखांहून अधिक गिरणी कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (निष्कर्ष २००२) मृत्यूदरात फरक पडला नाही. म्हणून आता 'आपले स्तन नेहमी कसे असतात ते ओळखा आणि बदल दिसताच दाखवा' यावर भर दिला जातो.
- चाळिशीच्या आत, लक्षणे नसताना आणि कुटुंबात विशेष धोका नसताना सरसकट मॅमोग्राफी करत नाहीत. शरीराची उष्णता मोजून कर्करोग शोधण्याचा दावा करणारी तपासणी हा मॅमोग्राफीला पर्याय नाही. मोफत शिबिर देऊ करणारी कंपनी नेमकी कोणती तपासणी करणार, हे आधी विचारा.

शिबिर घेण्यापूर्वीच जवळच्या रुग्णालयाशी बोलून ठेवा. शिबिरात शंका आलेल्या स्त्रीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सी कोण करणार, खर्च कोण देणार आणि तिला फोन करून पाठपुरावा कोण घेणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हातात नसतील तर शिबिर पुढे ढकला. घाबरवून घरी पाठवण्यात काही अर्थ नाही.

२. संशोधन

संशोधनाला देणगी द्यायची तर थोडा संयम हवा. त्याचे फळ पुढच्या ऑक्टोबरपर्यंत दिसत नाही.

एक अलीकडचे उदाहरण घ्या. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांवर अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या थोडा वेळ आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचले. दात काढताना वापरतात तेच. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के, तर न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या स्वस्त औषधातून कुठल्याही औषध कंपनीला नफा मिळणार नाही, त्यामुळे अशा प्रश्नावर कंपनी सहसा पैसे घालत नाही. हा अभ्यास केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या पैशातून झाला.

लोकांच्या देणग्यांना संशोधनात जागा आहे ती इथेच: ज्या प्रश्नांत नफा नाही, पण रुग्णांचा फायदा आहे. अर्थात अशा अभ्यासाला दहा-बारा वर्षे आणि मोठी यंत्रणा लागते. एका मंडळाच्या लाखभर रुपयांतून स्वतंत्र संशोधन उभे राहत नाही. म्हणून ती रक्कम संशोधन करणाऱ्या नामांकित सार्वजनिक किंवा धर्मादाय संस्थेच्या निधीत घालावी आणि संशोधनासाठीच दिल्याचे पत्रात लिहावे. संस्थेला विचारा: अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी आहे का? रुग्णांवरील औषधचाचणी असेल तर तिची भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणी सूचीत नोंद आहे का? ही सूची कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. "चमत्कारी औषधावर संशोधन" म्हणून पैसे मागणाऱ्याकडे या दोन्ही गोष्टी नसतील, तर नम्रपणे नकार द्या.

३. रुग्णांना मदत

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमधून शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशनचा मोठा भार उचलला जातो. पण निदान पक्के होण्याआधीच्या तपासण्या बहुतेक वेळा खिशातून कराव्या लागतात. गावाहून ये-जा, शहरात राहणे, बुडालेली मजुरी हे तर योजनेत बसतच नाही. रेडिएशन म्हणजे काही आठवडे आठवड्यातून पाच दिवस रुग्णालयात यावे लागते. एसटीच्या भाड्यासाठी आणि मुक्कामाच्या सोयीअभावी उपचार मध्येच सोडणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. अर्धवट उपचार हे या आजारात फार महागात पडतात.

छोट्या मंडळाच्या पैशाला सर्वात लवकर फळ येते ते इथे. ही रक्कम रुग्णाच्या हाती देण्याऐवजी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत द्या. खरी गरज कुणाला आहे हे तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना नेमके माहीत असते.

लाख रुपयांचे गणित

समजा, २०० सभासदांनी प्रत्येकी ५०० रुपये दिले. जमले १ लाख. टी-शर्ट ४०,०००, मांडव आणि ध्वनिक्षेपक २०,०००, फलक व नाश्ता २०,०००. उरले २०,०००. कार्यक्रम देखणा झाला, पण देणगीतल्या प्रत्येक रुपयातले वीस पैसेच कामाला आले.

आता उलटे करा. कार्यक्रमाचा खर्च प्रायोजकाकडून किंवा सभासदांच्या वेगळ्या वर्गणीतून भागवा. टी-शर्टऐवजी घरचीच गुलाबी ओढणी चालेल. "खर्चासाठी इतके, देणगीसाठी इतके" हे आमंत्रणातच छापा आणि महिन्याभरात हिशेब सूचनाफलकावर लावा. पुढच्या वर्षी लोक न मागता देतील.

नियम आणि पावत्या

- महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच. सोपा मार्ग म्हणजे सभासदांनी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर पैसे भरणे.
- एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर किंवा खासगी क्यूआर कोडवर पैसे घेऊ नका.
- प्राप्तिकरातील सवलत ८०जी मान्यता असलेल्या संस्थेलाच दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही.
- परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून देणगी घेण्यासाठी संस्थेकडे परदेशी देणगी कायद्याची नोंदणी असावी लागते.

रुग्णांचा मान राखा

मंचावर उपचार घेतलेल्या ताईंना बोलवायचे असेल तर काय बोलायचे ते त्यांनाच ठरवू द्या. फोटो छापण्यापूर्वी लेखी संमती घ्या, आणि ती त्या केव्हाही मागे घेऊ शकतात हेही सांगा. "झुंजार", "योद्धा" असे शब्द काहींना बळ देतात, काहींना त्यांचे ओझे होते. ज्यांचा आजार पुन्हा उलटला आहे अशी एखादी स्त्रीही समोर बसलेली असू शकते, हे भाषण करणाऱ्याने विसरू नये.

आणि ऑक्टोबरचीच वाट पाहायला हवी असे नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू हे अशा कामासाठी उत्तम निमित्त आहे. बायका एकत्र येतात, पुरुष आसपास नसतात, संकोच कमी असतो. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी एक छोटे कार्ड द्या. एका बाजूला वर दिलेली लक्षणे. दुसऱ्या बाजूला जवळच्या रुग्णालयाचे नाव, स्तनविकारांची ओपीडी कोणत्या वारी असते ती वेळ, आणि मंडळातल्या एका जबाबदार बाईंचा फोन नंबर, "एकट्या जाऊ नका, मी बरोबर येते" या ओळीसह.

त्या ताईंना रॅलीत असे कार्ड मिळाले असते, तर त्या आठ महिने आधी आल्या असत्या.