तीन डोळ्यांच्या प्राण्याचें नामकरण

पावसाळी डबक्यांत वाढणारा एक लहानसा प्राणी आहे. पाठीवर पातळ ढाल, मागें दोन लांब शेपट्या; दुरून पाहणाऱ्यास बेडकाचें पिलूंच भासावें. इंग्रजींत त्यास 'टॅडपोल श्रिंप' म्हणतात. वस्तुतः तो बेडकाच्या गोताचा नव्हे आणि खरी कोळंबीहि नव्हे. डबकें आटलें कीं तो मरतो. त्याचीं अंडीं मात्र सुकलेल्या चिखलांत वर्षानुवर्षें जीव धरून राहतात.

शास्त्रज्ञांनीं त्याला दिलेल्या नांवांची कथा मोठी गमतीची आहे. शेफर या जर्मन निसर्गाभ्यासकानें १७५६ सालीं त्यास 'एपस' म्हटलें. अर्थ, पाय नसलेला. लिनियसनें १७५८ सालीं तो शब्द कायम ठेवून त्याची गणना 'मोनोक्युलस' म्हणजे एकाक्ष प्राण्यांत केली. आतां या एकाक्ष, पायरहित जीवास पाय किती? कांहींना सत्तर जोड्यांपर्यंत! डोळेहि तीन: दोन मोठे, संयुक्त, आणि त्यांच्यामध्यें एक लहान, साधा. १८०३ सालीं श्रांक यानें 'ट्रायॉप्स' म्हणजे त्रिनेत्र हें नांव दिलें, तेव्हां कोठें न्याय झाला. 'एपस' हें नांव आज पाकोळी पक्ष्याकडे आहे, आणि तिचे इवले पाय पाहतां तें तिलाच शोभतें.

कवचधारी प्राण्यांत याचे पाय पानासारखे चपटे असून ते श्वसनासहि उपयोगी पडतात. म्हणून पाणपिसवांसह त्याची गणना 'ब्रँकिओपोडा' या वर्गांत होते. त्यांतील 'नोटोस्ट्राका' हा त्याचा गण. गणांत प्रजाति दोनच. दोन शेपट्यांच्या मध्यें चपटी पट्टी असेल तर 'लेपिड्युरस', नसेल तर 'ट्रायॉप्स'. येथवर वाट सोपी आहे.

खरी अडचण जातींची. पूर्वीचे अभ्यासक पाय व शरीराचीं वलयें मोजून नवी जात ठरवीत. परंतु एकाच जातीच्या दोन प्राण्यांतहि हे आंकडे जुळत नाहींत! १९५५ सालीं लाँगहर्स्ट यानें सारीं नांवें तपासून अवघ्या नऊ जाती मान्य केल्या. हा निर्णय माझ्या मतें धाडसाचा व आवश्यक होता. तथापि पुढें आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊं लागली, आणि बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत अनेक वेगळ्या शाखा दडलेल्या आढळल्या. जातींची संख्या पुन्हां वाढूं लागली.

हाच बाह्य रूपाचा भुलावा जीवाश्मांतहि घडला. जर्मनींतील वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या खडकांत सांपडलेले अवशेष आजच्याच एका युरोपीय जातीचे मानले गेले होते. द्रव्याची साक्ष निराळी आहे: रूप प्राचीन असलें तरी आजच्या जाती तितक्या जुन्या नाहींत.