कॉफीच्या दाण्याची पारख व घरगुती कृति

जोंधळ्याची मूठ हातांत घेऊन तो कोणत्या रानाचा, खळ्यांत भिजलेला कीं कोरडा राहिलेला, हें आमचा शेतकरी सहज सांगतो. गुळाची ढेप फोडतांच पाक करपला कीं कच्चा उतरला, हें त्यास जिभेवर ठेवण्यापूर्वींच कळतें. असा पारखी मनुष्य कॉफी घेण्यास दुकानांत गेला म्हणजे मात्र डबा पाहून येतो, दाणा पाहून येत नाहीं. कॉफी म्हणजे परमुलखाचें व शहरी लोकांचें पेय, अशी आपली समजूत होऊन बसल्यामुळें असें घडतें. वस्तुतः कॉफी हें आपल्या शेजारच्या कर्नाटकांतील शेतकऱ्याचें पीक आहे, आणि जी पारख आपण धान्यास लावतों तीच या दाण्यासही लागू पडते. ती कशी करावी, व चांगला दाणा मिळाल्यावर घरीं त्याचा कस कसा उतरवावा, याविषयीं चार व्यवहाराच्या गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पीक व त्याचा मुलूख

कॉफी आपल्या देशांत आणण्याचें श्रेय परंपरेनें बाबा बुडन या सूफी साधूस दिलें जातें. सतराव्या शतकांत हजच्या यात्रेहून परततांना त्यांनीं येमेनच्या मोखा बंदरांतून सात दाणे आणले व चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लावले, अशी कथा आहे. त्या डोंगरांस आज बाबाबुडनगिरी म्हणतात. देशांत पिकणाऱ्या कॉफीपैकीं सुमारें सत्तर टक्के कर्नाटकांत, मुख्यत्वें चिकमगळूर, कोडगू व हासन या तीन जिल्ह्यांत होते. केरळांतील वायनाड, तमिळनाडूचे डोंगर व आंध्रांतील अरकू खोरें हे दुसरे भाग होत. आपल्याकडे विदर्भांत चिखलदऱ्यास कॉफीचीं झाडें आहेत, पण तें पीक अल्प. मळेवाला म्हटला म्हणजे कोणी मोठा धनिक, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. तें बरोबर नाहीं. बहुसंख्य मळेवाल्यांची जमीन दहा हेक्टरांच्या आंतच आहे.

मुख्य जाती दोन. अरेबिका ही सुमारें १००० ते १५०० मीटर उंचीवर चांगली येते. तिचा दाणा लांबट, वास नाजूक, चवींत किंचित् आंबटगोड झांक. रोबस्टा त्याहून खालच्या उंचीवर येते. दाणा गोलसर, चव कडक, आणि कॅफीन अरेबिकेच्या जवळजवळ दुप्पट. अरेबिकेस खोडांतील पांढऱ्या किड्याचा व पानांवरील तांबेऱ्याचा उपद्रव फार. रोबस्टा त्या मानानें कणखर. या कारणास्तव देशांत रोबस्टाच अधिक पिकते.

चव झाडावर ठरते

मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरीवर कॉफीचा फुलोरा येतो. ती सर चुकली, आणि मळ्यास पाणी देण्याची सोय नसली, तर मळेवाल्याचें वर्ष बुडालें म्हणून समजावें. आंब्याच्या मोहराची काळजी वाहणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. पुढें फळें धरतात, परंतु एका झाडावरचीं सर्व फळें एकदम पिकत नाहींत. एकाच फांदीवर लाल, पिवळसर व हिरवीं फळें शेजारीं शेजारीं असतात. लाल फळाच्या दाण्यांत गोडी भरलेली असते. हिरव्या फळाचा दाणा चवीस तुरट व करकरीत लागतो. म्हणून चांगला मळेवाला तेंच झाड तीन-चार वेळां वेंचून घेतो. यास मजुरी फार पडते. सुमारें पांच ते सहा किलो पिकलेल्या फळांतून एक किलो कच्चा दाणा मिळतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या वेंचणीचा भार कळेल.

वेंचल्यावर दोन रीती आहेत. फळाची साल काढून, चिकट गर आंबवून व धुवून दाणा वाळविला, तर अरेबिकेस ‘प्लँटेशन’ व रोबस्टास ‘पार्चमेंट’ म्हणतात. फळ सालीसकट उन्हांत वाळविलें तर तें ‘चेरी’. धुतलेल्या दाण्याची चव स्वच्छ व उठावदार, वाळविलेल्याची भारी व गोडसर. तिसरी एक रीत खास पश्चिम किनाऱ्याची आहे: दाणे वखारींत पसरून पावसाळी वाऱ्यांत फुगूं देतात. त्यानें आंबटपणा जाऊन दाणा फिकट व मवाळ होतो. या ‘मान्सून्ड मलबार’ अरेबिकेस २००८ सालीं, व कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अरकूची अरेबिका व वायनाडची रोबस्टा यांस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

या सर्व मेहनतीचा मोबदला मळेवाल्यास मिळतो काय, हा खरा प्रश्न होय. १९४२ च्या कायद्यानें कॉफी बोर्ड स्थापन झालें, व सर्वांचा माल एकत्र करून विकण्याची पद्धति चालू झाली. युद्धामुळें परदेशचा बाजार बंद पडला असतां या पद्धतीनें मळेवाल्यांस तारलें, हें मान्य केलें पाहिजे. पण ती पुढें अर्धशतक टिकली, आणि निवडून वेंचणाऱ्याचा दाणा व ओरबाडून काढणाऱ्याचा दाणा एकाच ढिगांत जाऊं लागला. १९९२ पासून हें बंधन टप्प्याटप्प्यानें सैल झालें व १९९६ पर्यंत पूर्ण उठलें. तेव्हांपासून मळेवाला आपल्या नांवानें माल विकूं शकतो. ज्यास आज ‘स्पेशालिटी कॉफी’ म्हणतात ती हीच: एका ठिकाणची, निवडून वेंचलेली, व जाणत्या चाखणारांनीं शंभरांपैकीं ऐशीं किंवा अधिक गुण दिलेली. हा शब्द एर्ना नुट्सन या बाईंनीं १९७४ सालीं प्रचारांत आणला.

खरेदी

पहिला नियम: पूड घेऊं नये, भाजलेला अख्खा दाणा घ्यावा. पुडींत काय मिसळलें आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. दाणा आपली साक्ष आपण देतो.

आम्ही स्वतः या बाबतींत फसलों आहों. तालुक्याच्या गांवीं एका दुकानांतून उंची कॉफी म्हणून आणलेला डबा आम्हीं कित्येक महिने वापरला. पुढें एकदां चष्मा लावून बारीक अक्षरें वाचलीं, तों त्यांत शेंकडा चाळीस चिकोरी! चिकोरी हें एका झाडाचें मूळ. तें भाजून दळतात. आपल्या देशांत त्याची लागवड गुजराथ व उत्तर प्रदेश येथें होते. तें विष नव्हे, व दक्षिणेंत पुष्कळ घरीं तें आवडीनें घालतात. कायद्यानेंही अशा मिश्रणांत कॉफी निदान शेंकडा एक्कावन असली पाहिजे, व प्रमाण डब्यावर छापलें पाहिजे, एवढेंच बंधन आहे. परंतु मुळाचे पैसे कॉफीच्या भावानें कोणीं कां द्यावे? परीक्षा सोपी आहे. पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लागलीच खालीं बसूं लागते व पाण्यांत तांबूस रेघा सोडते.

पुडक्यावर मळ्याचें किंवा गांवाचें नांव, जात, वाळविण्याची रीत, व भाजल्याची तारीख पाहावी. तारीख नसेल तर घेऊं नये. मूठभर दाणे पांढऱ्या ताटांत पसरावे. रंग व आकार एकसारखा असावा. फुटके, किडीनें भोंक पाडलेले, व जळून कोळसा झालेले दाणे वेगळे काढून मोजावे. वास खमंग असावा, तेलकट खंवट नसावा. दाणा मोठा म्हणजे चव मोठी, असें मात्र समजूं नये. एए, ए, बी हीं अक्षरें मुख्यतः चाळणीच्या मापाचीं आहेत. फळांत दोहोंऐवजीं एकच गोल दाणा भरला तर त्यास पीबेरी म्हणतात.

भाजलेला दाणा पहिले चार-पांच दिवस वायु सोडतो, नंतर सुमारें महिनाभर ऐन कसांत असतो. म्हणून एका वेळीं पाव किलोहून अधिक घेऊं नये. घट्ट झाकणाच्या डब्यांत, चुलीपासून व मसाल्यांपासून दूर ठेवावा. रोज उघडण्याचा डबा फ्रिजमध्यें ठेवूं नये. दाणा ओल व वास दोन्ही ओढतो.

दळणें व काढणें

जितकी लागेल तितकीच पूड त्या वेळीं दळावी. आम्हीं एकाच पुडक्यांतील अर्धे दाणे दळून तीन आठवडे ठेवले व अर्धे अख्खे ठेवले. मग दोहोंची कॉफी एकाच मापानें केली. ठेवलेल्या पुडीची कॉफी नुसती कडू लागली. ताज्या पुडीचा वास ओसरीपर्यंत गेला. हातानें फिरवावयाची छोटी चक्की मिळाल्यास उत्तम, कारण तिचा कण एकसारखा पडतो. मिक्सरमध्यें दळल्यास थोडें थोडें थांबून फिरवावें, म्हणजे पूड तापत नाहीं.

पाण्याकडे आपण लक्ष देत नाहीं, पण पेल्यांत बहुतेक भाग पाण्याचाच असतो. काळ्या रानांतील विहिरीचें पाणी पुष्कळदां जड असतें. त्यांत कॉफीची नाजूक चव मरते. अशा गांवीं सांठविलेलें पावसाचें स्वच्छ पाणी किंवा पिण्याचें गाळीव पाणी घ्यावें.

दूध न घालतां प्यावयाची असल्यास फार साधन लागत नाहीं. भरड रव्यासारखी दळलेली १५ ग्रॅम पूड भांड्यांत घ्यावी. पाव लिटर पाणी उकळून खालीं उतरावें, अर्धें मिनिट थांबावें व पुडीवर ओतावें. एकदां ढवळून चार मिनिटें झाकावें, मग स्वच्छ फडक्यांतून गाळावें. आंबट व पाणचट लागली तर पुढच्या खेपेस पूड बारीक करावी. कडवट व घशास लागणारी झाली तर जाड करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठें होता तें कळतें.

दुधाची कॉफी करणारांनीं दक्षिणी दुमजली फिल्टर आणावा. वरच्या भांड्यांत बारीक पुडीचे २० ग्रॅम हलके दाबून बसवावे, सव्वाशें मिलिलिटर कढत पाणी ओतावें, व पंधरा-वीस मिनिटें ठिबकूं द्यावें. हा अर्क पुन्हा उकळूं नये. त्यांत आवडीप्रमाणें कढत दूध घालावें. आपल्या घरीं दुधांत पूड उकळून वर जायफळ किसण्याची चाल आहे. तीस आमची हरकत नाहीं, पण चांगल्या दाण्याचा पहिला घोट तरी जायफळावांचून घ्यावा.

शेवटचें मागणें

आंबेमोहोराच्या नांवाखालीं भलताच तांदूळ खपतो, व सेंद्रिय गुळाच्या शेजारीं पिवळाधमक रसायनी गूळ त्याच भावानें मागितला जातो, याचें दुःख आपणांस आहे. गिऱ्हाइकास पारख नाहीं म्हणून आपली मेहनत मातीमोल होते, अशी आपली नित्याची तक्रार असते. तर मग ज्या जिनसेचे आपण स्वतः गिऱ्हाईक आहों तेथें तरी आपण डोळस असावें. कोडगू किंवा चिकमगळूरच्या मळेवाल्यानें चौथी वेंचणी करावी कीं एकदांच झाड ओरबाडावें, हें अखेर पुडकें घेणाऱ्याच्या हातांत आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, गांवांतील पांच-दहा घरांनीं एकत्र येऊन एखाद्या मळेवाल्याकडूनच ताजा भाजलेला दाणा मागवावा, व घरोघर पाव-पाव किलो वांटून घ्यावा. पहिल्या खेपेस दोन मळ्यांचा दाणा थोडा थोडा आणून, ओसरीवर बसून, एकाच मापानें करून चाखावा. जो उतरेल त्याच्याकडे पुढची मागणी पाठवावी, व ती कां पाठविली हेंही दोन ओळींत त्यास कळवावें. शेतकऱ्याचा माल शेतकऱ्यानें पारखून घेतला, याहून चांगली पावती कोणत्याही मळ्यास मिळावयाची नाहीं.